गुरुवारच्या बाटल्या

प्रिय आन्सेल्मोदादा,

गुरुवारवरून तू अजून धुमसतोयस. "सख्खी बहीण सरकारी दवाखान्यात औषधं बनवते, आणि माझ्या बायकोला गुरुवारच्या गर्दीत बसवते!" असं भर बाजारात ओरडलास.

अरे, कॅन्सरची ती महागडी बाटली एकदा फोडली की उरलेलं औषध दुसऱ्या दिवशी चालत नाही. आम्ही तपासणी केली, तर रोज थोडं थोडं कचऱ्यात जात होतं. एकाचं उरलेलं त्याच दिवशी दुसऱ्याला देता यावं म्हणून त्या औषधाचे सगळे पेशंट आता गुरुवारीच येतात.

आज राजधानीहून औषधांची गाडी आलीच नाही. रुतिलियावहिनीसाठी बाटली नव्हती. मी औषध बनवायच्या काचेच्या कपाटात हात घालून बाकीच्यांच्या बाटल्यांतलं उरलेलं सुईने ओढत गेले. सिरिंजमधलं औषध चढत चढत वहिनीच्या डोसच्या आकड्याला टेकलं, तेव्हा अंगावर काटा आला. देवळातसुद्धा मला असं कधी झालं नव्हतं.

शेवटचे थेंब एलेउतेरिओच्या बाटलीतले होते. विहिरीच्या भांडणावरून तू ज्याचं तोंड बघत नाहीस, तोच.

कोणाचं औषध कोणाला गेलं हे सांगायची आम्हाला मनाई आहे, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पुढच्या गुरुवारी तो नेहमीसारखा वहिनीपुढे खाण्याचा डबा धरेल. तू तिला दटावशील, "त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही!"

मी काचेमागे पुढची बाटली फोडत असेन.

तुझी,
ओब्दुलिया