अर्ध्या तोळ्याचा ताईत

मानवत,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६७

रा. रा. भुजंगराव दाजी यांस मुंजाजीचा नमस्कार.

नांदेडला थंडी पडली असेल. हात दुखतो का? इकडे सगळे बरे आहोत, आईचे गुडघे कुरकुरतात तेवढंच. धुरपता यंदा भाऊबीजेला आली नाही. आईनं मांडलेला पाट संध्याकाळी मीच उचलून ठेवला.

जिनिंगात रुई ओढणाऱ्या पंख्याला नवी मोटार आली आहे. जुनीसारखीच, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांची. कारखान्यातून तोल लावूनच आलेली, तरी मी उघडली. आतला फिरता रोटर तुमच्या त्या दोन पोलादी पट्ट्यांच्या धारांवर ठेवतो, कुठली बाजू जड होऊन खाली येते ते बघतो, समोरच्या बाजूला कथील लावतो, परत काढतो. चार दिवस हेच चाललंय. कल्याणराव शेठ विचारतात, "मुंजाजी, कवा चालू करायलायस?" हे पत्र अर्धवट टाकून मघापासून दोनदा तिकडे जाऊन आलो.

मी नवा होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मुंजा, अर्धा तोळा हातावर काईच न्हाई. पर या वेगात त्यो सहा शेराच्या जोरानं रोटरला बाहीर वढतो." मी हसलो होतो.

आता लिहूनच टाकतो. मागच्या वर्षी खंडेनवमीला आईनं दर्ग्यातला तांब्याचा ताईत दिला. "जावाईबापू दिसभर त्या भुताजवळ बसतेत, मशिनीला बांध," म्हणाली. बांधला तर उडेल, म्हणून मी तो रोटरच्या कडेला कथलाचा डाग देऊन चिकटवला. तुम्ही तोल लावून गेल्यावर. तुम्हाला सांगितलं असतं तर रागावला असता. एवढासा ताईत, त्यानं काय होतंय, असं वाटलं.

महिन्यात मोटार थरथरू लागली. तुम्ही हात लावून बघत होतात तेवढ्यात बेअरिंग फुटलं, पंखा निखळला आणि तुमची दोन बोटं गेली. तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी मागे राहिलो. मोटार आवरायला नव्हे. छिन्नीनं ताईत उडवला. कथील मात्र तिथंच राहिलं. बाहेरच्या मिस्तरीनं रोटर धारांवर ठेवला, तो त्याच बाजूला कलला, आणि भुजंगनं तोलात कसूर केली असं ठरलं. मी शेजारीच उभा होतो. तुमची जागा मला मिळाली. दाजी, त्या दिवसापासून मला एक घास गोड लागला नाही.

काल आईनं नवा ताईत आणला, या वेळी माझ्यासाठी. मग माझ्यानं राहवलं नाही, तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "माज्या लेकीच्या धन्याची बोटं हायेत ती. जा, शेठला सांग." आज सकाळी सांगितलं. शेठनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "भुजंगला बोलाव. तू उद्यापासून येऊ नगंस."

जुना ताईत वर्षभर माझ्या खिशात होता, तो या पत्रात ठेवला आहे. तराजूत घालून बघा. नवी मोटार मी चालू केलेली नाही. रोटर धारांवर ठेवून वर कापड टाकलं आहे. तीन बोटांनी का होईना, तोल तुम्हीच लावा. आणि धुरपतानं मला ओवाळू नये, पण आईला भेटायला यावं.

तुमच्या हाताचा गुन्हेगार,
मेव्हणा म्हणवायला आज लाजणारा
मुंजाजी