खेचरांच्या ट्रेलरचे ब्रेक

१२ जुलै, शुक्रवार

‘ट्रेलर नाही.’ असं लिहून येतंय! पिकअपमधल्या ब्रेकच्या डबड्यावर, लाल अक्षरांत. मागे वीस फुटी ट्रेलर जोडलेला, त्यात पँझी आणि जज अशी दोन धिप्पाड खेचरं उभी, पँझीने नुकताच प्रसाद टाकलाय, वास पार केबिनपर्यंत – आणि डबडं म्हणतंय ट्रेलर नाही.

मेव्हिस पायरीवर उभी राहून बघत होती. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, तिचं गप्प राहणं मला लांबून ऐकू येतं. शेवटी म्हणालीच – “हार्लन, यंदा खेचरं डॉयलला नेऊ दे ना जत्रेला.”

डॉयल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अडुसष्ट! भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढून त्यावर तो पाना टांगणारा माणूस. अशा माणसावर माझा विश्वास नाही.

मार्चमध्ये ट्रेलर मागे घेताना मी चाऱ्याची शेड पाडली, तेव्हापासून हे चाललंय. पाडली नाही, वाकवली. तर आज तह झाला. दहा ऑगस्टच्या आत ब्रेक सुधारले तर जत्रेला ट्रेलर मी ओढणार. नाहीतर डॉयल नेणार, आणि ट्रेलर विकायचा. शहात्तराव्या वर्षी माणसाचा ट्रेलर विकला की त्याच्यापाशी आरामखुर्ची उरते. मी त्या खुर्चीत बसणार नाही.

१४ जुलै, रविवार

चर्च बुडवलं. देव समजून घेईल, त्याच्याकडेही दुरुस्तीची कामं पडून आहेत.

ट्रेलरची वायर पिकअपला जोडायचा जो सात टोकांचा प्लग असतो, तो आतून हिरवा! तोंड न धुतलेल्या बेडकासारखा. घासला, पुसला, ग्रीस लावलं. डबड्याने कबूल केलं – ट्रेलर आहे. पण ब्रेक दाबला तर ट्रेलर नुसता खाकरतो, थांबत नाही.

वीज तपासायचा मीटर सापडत नाही. डॉयलने नेलाच असणार.

१५ जुलै

मीटर ओट्सच्या पिंपात होता. खेचरांनी ठेवला, दुसरं कोण?

१७ जुलै, बुधवार

आज मी शास्त्रज्ञ होतो. चाकाच्या ड्रममध्ये लोहचुंबक असतं, वीज आली की ते ड्रमला चिकटतं आणि ब्रेक लागतो. मग शिकारीचं होकायंत्र काढलं. मेव्हिसला पिकअपमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावला आणि एकेका चाकाशी होकायंत्र धरलं. उजवीकडे काटा गर्रकन फिरला. डावीकडच्या दोन्ही चाकांशी ढिम्म.

“काय म्हणतंय?” मेव्हिस ओरडली.

“डावी बाजू मेलीय.”

“आपल्या घरात डावी बाजू कायमच मेलेली असते,” ती म्हणाली. काउंटीच्या निवडणुकीत मी कधीच डाव्यांना मत देत नाही, त्याबद्दल बोलत होती. खूप हसलो आम्ही.

दोष सापडला. डाव्या चाकांची तार आसाच्या पोकळ नळीतून नेलेली, ती आतल्या आत वर्षानुवर्षं घासून सोललेली. नवी तार बाहेरून टाकली. पांढऱ्या तारेचा स्क्रू तर रंगावरच बसवलेला, खाली लोखंड नाही तर वीज परत जाणार कुठून? रंग खरवडला. संध्याकाळी होकायंत्राचा काटा चारही चाकांशी नाचला. मीही थोडा नाचलो, गुडघ्याने हरकत घेतली.

२१ जुलै, रविवार

डॉयल आला. जेवायला आला म्हणे. बटाट्याचं कॅसरोल दोनदा वाढून घेतलं आणि मग तपासणीला उठला.

ट्रेलरच्या नाकावर एक छोटी बॅटरी असते आणि एक स्विच. स्विचमध्ये पिन, पिनेला पोलादी दोरी, दोरीचं टोक पिकअपला. ट्रेलर सुटलाच तर दोरी ताणते, पिन निघते, आणि ट्रेलर आपल्या बॅटरीवर आपले ब्रेक लावतो. डॉयलने पिन उपटली. “आता ओढ बरं.”

ओढला. ट्रेलर शहाण्या कुत्र्यासारखा मागे मागे आला. चाकं अडायला हवी होती! बॅटरी ठार.

“हार्लन, खरं सांग. ट्रेलर उभा केला की हीच पिन उपटून ठेवतोस ना, हँडब्रेक म्हणून?”

आता ह्यात काय चुकलं? बाबा तेच करायचे. इथे घाटात राहणारा प्रत्येक माणूस तेच करतो.

“म्हणून प्रत्येकाची बॅटरी मेलेली असते!” डॉयल म्हणाला. “आणि दोरी कुठे अडकवलीस बघ. ज्या गोळ्यावर ट्रेलर बसतो त्याच्याच, पिकअपच्या मागे खोचलेल्या दांड्याला! तो दांडाच पिकअपमधून निसटला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल. मग पिन ओढणार कोण, तुझा आजा?”

“दांडा निसटायला आडवी खिट्टी काढावी लागते. ती कोण विसरतं?” मी विचारलं.

त्याने मेव्हिसकडे बघितलं. मेव्हिसने गोडाचा ऱ्हुबार्ब पाय कापला. खाल्ला सगळ्यांनी.

मी चष्मा विसरेन, मेव्हिसचा वाढदिवस विसरेन (विसरलो). ती खिट्टी नाही. चौऱ्याऐंशी सालापासून एकदाही नाही.

२२ जुलै

मेव्हिसने मला न विचारता दोरीचा आकडा काढून सरळ पिकअपच्या चासीला अडकवला. भांडलो. काढला नाही – पाठ दुखते वाकायला.

२५ जुलै, गुरुवार

नवी बॅटरी. पिन उपटली, पिकअप पुढे घेतला, ट्रेलरची चाकं खडीत रुतून बसली. वा! ट्रेलर हलेना, तसा मी केबिनमध्ये एकटाच टाळ्या वाजवत बसलो. पिन लगेच परत घातली. डॉयलचं ऐकून नव्हे, माझं मलाच वाटलं म्हणून.

२ ऑगस्ट

रिकामा ट्रेलर घेऊन घाट चढलो, उतरलो. वळणावळणावर ब्रेक लोण्यासारखे. मेव्हिस शेजारी बसून जत्रेतल्या ओझं ओढायच्या शर्यतीच्या अर्जावर माझं नाव लिहीत होती. छान दिवस गेला.

८ ऑगस्ट, गुरुवार

डॉयल माझा पिकअप घेऊन गेला होता, होडी तळ्यातून काढायला. खिट्टी काढून त्याचा गोळा लावला, परत आणून माझा लावून दिला म्हणतो. म्हणतो!

१० ऑगस्ट, शनिवार, पहाटे

जत्रा! निळा शर्ट घातला, दरवर्षीचा. गोळ्याच्या दांड्याची खिट्टी काढून ग्रीस लावत होतो – जत्रेच्या सकाळी लावतोच – तेवढ्यात मेव्हिसची हाक, अंडी थंड होतायत. आज पँझी आणि जज त्या शेरिडन गावच्या खेचरवाल्यांच्या नाकावर टिच्चून ओझं ओढणार.

११ ऑगस्ट, रविवार

काल जत्रेला पोचलोच नाही.

घाटाच्या चौथ्या मैलावर, चढावर, मागून ढण्णकन आवाज. पिकअप एकदम हलका झाला. दांडा सबंध निसटला होता! ट्रेलरचं नाक डांबरावर आपटलं, ट्रेलर पिकअपला बांधणारी एक साखळी तटकन तुटली. मागे डॉयल होता, खेचरांचा साज घेऊन, जेमतेम साठ फुटांवर. त्याच्या डाव्या हाताला दरी.

आणि ट्रेलर थांबला. दोरी ताणली, पिन निघाली, चारही चाकं अडली, टायरचा धूर निघाला आणि तो जागच्या जागी थांबला. डॉयल खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. पँझी आत गवत खात होती.

शेरीफचा माणूस आला, बघितलं, म्हणाला, “दांड्याला खिट्टीच नाही, काका.”

मी सगळ्यांसमोर डॉयलला झाडलं. गुरुवारी पिकअप कोणी नेला होता? गोळा कोणी बदलला? भिंतीवर पान्यांची चित्रं काढतोस आणि एक खिट्टी घालायचं लक्षात राहत नाही? मेव्हिसला मारलं असतंस, खेचरांना मारलं असतंस, स्वतःलाही! तो नुसता मेव्हिसकडे बघत होता. म्हणजे कबुलीच.

शर्यत हुकली. ह्यापुढे तो ह्या घरात पाय ठेवणार नाही, हे मेव्हिसला सांगितलं. तिने कपडे गोळा केले आणि धुण्याच्या मशीनकडे गेली.

१२ ऑगस्ट

डॉयलने फोन केला. मी ठेवून दिला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मेव्हिसने धुतलेले कपडे पलंगावर ठेवले. निळा शर्ट सगळ्यात वर, खिशावर ग्रीसचा डाग तसाच. शर्टावर खिट्टी. स्वच्छ पुसलेली.

“कधी सापडली?” मी विचारलं.

“रविवारी. खिशात.”

दोन दिवस तिने तिच्या भावाला शिव्या खाऊ दिल्या, मला हे माझं मला आठवावं म्हणून. मला आठवलं नाही. अजूनही आठवत नाही – अंडी आठवतात.

डॉयलला फोन केला. माफी मागितली, नीट, एकदाच. मग म्हणालो, ट्रेलर घेऊन जा, पुढच्या वर्षी खेचरं तू ने.

पलीकडे डॉयलने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ब्रेक ठीक आहेत ना त्याचे?”

म्हणालो, ब्रेक उत्तम आहेत.