आगाऊ घरमालकीण

धाकटे,

तुझी खोली भाड्याने दिली म्हणून फुगून बसू नकोस. तू नोकरीसाठी परदेशी गेलीस तेव्हापासून ती रिकामीच होती. आता तिथे एक नर्स राहते. तीही पोटासाठी घरापासून लांब आलेली, आणि पसारा अगदी तुझ्यासारखाच.

काल मी न विचारता दार ढकललं. ती फोनवर तिच्या ताईला सांगत होती, "हो गं, पोटभर जेवले." शेगडी थंडगार, पातेली पालथी. हाताला धरून खाली आणलं आणि समोर बसून जेवू घातलं.

मग तुझा फोन आला. "हो गं ताई, पोटभर जेवले."

मी नुसतं "बरं" म्हटलं.

हे पत्र टाकणार नाही. खोटं कळलंय म्हटल्यावर तू फोनही टाळशील. तुझी तिथली घरमालकीण तेवढी आगाऊ असू दे.

तुझी,
ताई