तुझी पूर्ण उंची

आई, या घरात राहायला आले तेव्हा मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराचा ओटा वीटभर उंच करून घेतला. गवंडी म्हणाला, मॅडम, पुढं घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळणार नाही. म्हटलं, नको मिळू दे. आता सरळ उभी राहून पोळ्या लाटते, पाठ दुखत नाही, आणि दर वेळी तुझ्यावर चिडते. बोरगावच्या घरात ओटा बांधला तेव्हा तूही 'थोडा वर घे भाऊ' एवढं म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? पण नाही. त्या बुटक्या ओट्यावर कमरेतून वाकून तू जन्मभर कणीक मळलीस.

तुझ्या वाकण्याची सुरुवात बाबा रंगवून सांगायचे. तुला पाहायला पाहुणे आले तेव्हा मामांनी तुला पाटावरून उठूच दिलं नाही. बसूनच नमस्कार, बसूनच प्रश्न, बसूनच पसंती. मग लग्नात अंतरपाट धरला, तर त्याच्यावरून तुझं बाशिंग आणि दोन डोळे दिसायला लागले आणि बाबा कुठे दिसेनात. कुणीतरी घाईघाईने त्यांच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवला. अख्खा मांडव हसला. बाबाही हसले, त्यांना बिचाऱ्यांना त्याचं कधीच काही वाटलं नाही. तू मात्र त्या दिवशी जी मान खाली घातलीस ती घातलीसच. आपल्याकडच्या प्रत्येक फोटोत तू खुर्चीवर आणि बाबा मागे उभे.

आणि हीच तू माझ्या पाठीत धपाटे घालायचीस! सातवीत मी बाबांच्या डोक्याच्या वर गेले. नातेवाईक म्हणायचे, हिचं लग्न विजेच्या खांबाशीच लावा. मग मीही पोक काढून चालायला लागले. एकदा वर्ध्याच्या भर बाजारात तू थांबलीस. "खाली काय पाहून राह्यली? काही पडलं का तुयं?" मी म्हटलं, नाई. "मंग सरळ चाल ना. जमिनीत काय सोनं आहे?" भाजीवाली हसली, मी लाजेने लाल झाले, आणि सरळ चालले. हिंगणीच्या शाळेत दिवसभर लेकरांना शिकवून तू एसटीने घरी यायचीस, चहा घ्यायचीस आणि मला स्वयंपाकघरात उभं करायचीस. तू कणीक मळणार, मी धडा मोठ्याने वाचणार. बसून नाही, भिंतीला टेकून नाही. "पोटातून आवाज काढ. शेवटच्या बाकावरच्या पोरीले आयकू गेलं पायजे." आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात कुठला आलाय शेवटचा बाक! पण मी वाचायची, इतिहास काय नि भूगोल काय, आणि वाचून झाल्याशिवाय मैदानावर जायला मिळायचं नाही. लोकांना वाटतं, मला बास्केटबॉलमध्ये उंचीने आणलं. उंच मुली खूप येतात गं. बास्केटखाली उभ्या असलेल्या मुलीला सगळं मैदान दिसत असतं, आणि तिने ओरडून सांगितलं नाही तर बाकीच्या चौघींना मागून कोण येतंय ते कळत नाही. आज मी पगार घेऊन खेळते, या खेळावरच माझं घर चालतं, ते त्या आवाजामुळे. पहिल्या मोठ्या संघाच्या निवडीत सरांनी विचारलं, एवढं खणखणीत ओरडायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, स्वयंपाकघरात. त्यांना ती थट्टा वाटली.

माझी एकच मॅच तू पाहायला आलीस. म्हणजे, पाहिलीस असं तरी कसं म्हणू? मी दहावीत होते, जिल्ह्याची फायनल होती. तू अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होतीस, डोक्यावर पदर, सतरंजीवर बायकांमध्ये बसलेली. शेवटी एका गुणाने आम्ही मागे होतो, वेळ संपत आली होती, सगळं मैदान उभं राहिलं. मी बॉल टाकला आणि तो आत गेला. मी आधी तुझ्याकडे वळले. तिथे नुसत्या उभ्या माणसांची भिंत होती, तू कुठेच नव्हतीस.

संध्याकाळी तू ओट्याशी पत्ताकोबी चिरायला घेतलेली आहेस, मी दारात उभी आहे. मी विचारते, "शेवटचा बास्केट पाह्यला ना?"

"आवाज आयकला," तू म्हणतेस. "समोरची बाई उभी झालती ना."

"मंग तू काऊन नाई उभी झाली?"

"माया मांगं लहान लहान लेकरं होते. मी उभी झाली असती तं त्याईले काय दिसलं असतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी येतं, रागाने की कशाने ते मला आजही सांगता यायचं नाही. तू माझ्याकडे बघतेस, चाकू बाजूला सारतेस, दुसरा आख्खा गड्डा माझ्या हातात देतेस. "आता दाखव. कोण होती तुया समोर? आता ती मी." आणि तू पदर खोचतेस, माझ्यासमोर येतेस आणि दोन्ही हात वर करतेस. आई, तू सरळ होत जातेस. खांदे, मान, पाठ, एकेक करत. तुझी बोटं माळ्याच्या फळीला लागतात. माझ्याहून तू चांगली चार बोटं उंच आहेस, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. मी डावीकडून जाते, तू तिथे. उजवीकडून जाते, तू तिथे. मी उडी मारते आणि तू तो गड्डा वरच्या वर असा हाणतेस की तो पिठाच्या डब्यावर आदळतो. आपण दोघी हसून हसून खाली बसतो. इतक्यात बाबा दुकानातून येऊन विचारतात, काय पडलं? तू उठतेस, आणि उठता उठताच पुन्हा वाकतेस.

तेवढंच. पुन्हा मला तू तशी कधीच दिसली नाहीस. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, लांबच्या शिबिरात असताना तू गेलीस. शेवटच्या फोनवरसुद्धा खेळाचं विचारलं नाहीस, परीक्षेचंच विचारलंस. "गुडघ्यावर किती दिवस खाशीन? डिग्री घेऊन ठेवजो." मी घरी पोचले तेव्हा अंगणात कुजबुज चालली होती. तिरडीचे बांबू नेहमीच्या मापाचे आणले होते, ते अपुरे पडले, दुसरे आणायला माणूस गेला होता. मॅडम एवढ्या उंच होत्या? असं कुणीतरी म्हणालं. मला त्या माणसाचा राग आला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो, होत्या.

डिग्री घेऊन ठेवली. तू बरोबर होतीस, गुडघा आता कुरकुरतो. इथला संघ म्हणतो, अजून एक वर्ष खेळ, पैसे चांगले देतो. आणि वर्ध्याहून विचारणा आली आहे, मुलींना शिकवायला ये म्हणून. तिथे खेळाइतकीच तुझी ती डिग्री लागली. उद्या उत्तर द्यायचं आहे. इथल्या मैत्रिणी मला वेड्यात काढतात. बाबा गेल्यावर बोरगावचं घरही विकलं, तिथे आता तुझं आहे कोण, असं विचारतात. मी जाणार आहे. सगळ्यांना सांगितलं, आपल्या जिल्ह्यातल्या मुलींसाठी काहीतरी करायचंय. ते खोटं नाही. पण ज्यांना ते सांगितलं त्यांना हे सांगता आलं नाही, आणि तुला लिहिलेलं कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. या शहरात तुला पाहिलेलं एकही माणूस नाही, आई. इतक्या वर्षांत मला कुणी म्हटलं नाही की तू आईवर गेलीस. तिथे एसटी स्टँडवर, हिंगणीच्या फाट्यावर, कुठेतरी एखादी बाई मला थांबवेल, खालपासून वरपर्यंत बघेल आणि विचारेल, "तू मॅडमची पोरगी ना?" तेवढ्यासाठी येते आहे.