तुमचे हात स्वच्छ होते

सर, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. आता नागपुरात कुठल्या पत्त्यावर लिहू? तरी लिहिते आहे.

ऐंशीच्या आसपासचे दिवस. इस्पितळाच्या मागची आपली खोली, शिशाच्या विटांची भिंत, आणि तिच्यामागे लांब चिमटा धरलेले तुमचे हात. मोहरीएवढ्या मण्यांना तुम्ही किरणोत्सर्गी द्रव पाजायचात, ते वाळले की चकतीतल्या खळग्यात ठेवून वरून इपॉक्सी ओतायचात. थायरॉइडचं चित्र काढताना डॉक्टर ती चकती खूण म्हणून रुग्णाच्या गळ्यावर ठेवत. मे महिन्यात इपॉक्सी ओतता ओतताच घट्ट होतं. एकदा माझ्या चकतीत बुडबुडा राहिला, तर तुम्ही ती सरळ बाद केलीत. "काहून घाई करून राहिली वं? ही फुटली तर पेशंटच्या गळ्याले लागन." शेवटी चकती स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो बोळा किरणं मोजायच्या काउंटरखाली धरायचा, काही झिरपलंय का ते पाहायला. त्यानंतर तुम्ही स्वतःचे हात धरायचात. काटा जागचा हलत नसे. ते रोज मीच पाहत होते.

बाकी इस्पितळाला मात्र तुमच्या हातांची भीती. कॅन्टीनवाल्याने तुमचा कप वेगळा ठेवला होता, कान तुटलेला. तुम्ही त्याला व्हीआयपी कप म्हणायचात आणि कडुनिंबाखाली एकटे बसून डबा खायचात. मला संताप यायचा. कॅन्टीनवाल्याशी मी चांगली कचाकचा भांडले होते.

मग एका हिवाळ्यात तुम्ही ताज्या कोथिंबिरीची सांबारवडी केलीत. बायको गेल्यापासून घरी एकटेच, तरी पहाटे उठून तळलीत आणि डबा माझ्यापुढे उघडलात. मला तिसरा महिना लागला होता. सासूबाईंनी बजावलं होतं, "त्याच्या हातचं काही खाऊ नको वं." मी म्हटलं, "सर, आज माझी चतुर्थी." कॅलेंडर समोरच लटकत होतं. चतुर्थी होऊन चार दिवस झाले होते. तुम्ही तिकडे पाहिलंत, "बरं बरं" म्हणालात आणि झाकण लावलंत.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक केळं. "हे तर चालते ना तुले? वरून साल आहे. माहा हात काही आत लागत नाही." तुम्ही हसलात, मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. मी रजेवर जाईपर्यंत तुम्ही रोज एक केळं आणत राहिलात, आणि रोज विचारत राहिलात, "काल गोड होतं ना?" मी म्हणायची, हो सर, खूप.

पोटात लेकरू होतं म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण काटा तर मीच पाहत होते.

सर, ती केळी गोड होती की नाही, मला माहीत नाही. बसस्टॉपवर एक गाय उभी असायची, तिला घालत होते.