धामणीचा दांडा

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९३३

कोर्टातून थेट गोल्फच्या मैदानावर. नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब टोल्याची काठी, हाती आल्याला आज आठवा दिवस, आणि आठव्या दिवशीही चेंडू उजवीकडच्या निवडुंगातच. मुंबईहून मागवलेली, पोलादी दांड्याची तयार काठी. कॅटलॉगात छापलंय, 'सर्वांस योग्य'. त्या सर्वांत मला धरलेलं दिसत नाही. पाच फूट तीन इंचांच्या माणसाने हा दांडा धरला की मूठ पोटात रुतते, आणि चेंडू इतका दूर दिसतो की त्याच्याशी पत्रव्यवहार करावा.

कँपातल्या साहेबांच्या क्लबने सभासदत्वासाठी तीन फेऱ्यांची परीक्षा लावली आहे. तीन शनिवार, सेक्रेटरी मेजरसाहेबांबरोबर, मग सभासद मत देणार. आपल्यातलं कोणी आजवर आत गेलेलं नाही. वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे आपटलो तरी सगळ्यांना कळणार. पहिली फेरी २ डिसेंबरला.

सौ. म्हणाली, "काठी थोरली झाली तर कापा की वो." कापली असती. पण मेजर म्हणतात, पोलाद कापलं की त्यातला लवचीकपणा जातो, हातात नुसता गज उरतो.

गुरुवार, १६

शहापुरात दामूअण्णा मिस्त्रींकडे. मूळचे आमच्याच बाजूचे, खानापूरकडचे. रानात झाडं तोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडींना दांडे बसवण्यात हयात गेली. अलीकडे कँपातल्या साहेबांच्या मोडक्या काठ्याही सांधून देतात. म्हटलं, माझ्या मापाचा दांडा करून द्या. उंची, हाताची लांबी, सगळं टेपने मोजून कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद घेतला, सरसाच्या भांड्याखाली घातला, आणि माझ्या हातात कुऱ्हाड दिली.

"माप कागदावर नसतंय, वकीलसाहेब. घाव घालून दाखवा."

रस्त्यावरून माणसं येत-जात होती. त्यात एक माझाच अशील. मी कोट काढला नाही. निघून आलो. काय समजतो हा माणूस स्वतःला!

रविवार, १९

पुन्हा गेलो. काय करणार, काल सहा चेंडू निवडुंगात.

कोट काढला. अंगणात जांभळीचं एक खोड जमिनीलगत उरलेलं, त्यावर घाव घालायचे. दहा घातले. मिस्त्री उकिडवे बसून जांभया देत होते. म्हणाले, "ह्ये कोर्टातलं झालं. आता गावाकडलं घाला." टाळकं फिरलं. पाय फाकवले, गुडघे मोडले आणि रागाच्या भरात जो घाव घातला तो पातं पूर्ण आत. तोंडातून आवाज निघाला. "हंऽऽ."

कुऱ्हाड तशीच सोडली. तो आवाज आप्पांचा होता. वडील जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या दारी लाकडं फोडताना त्यांच्या प्रत्येक घावाला तो निघायचा, आणि मी आत इंग्रजी वाचत बसलेलो असायचो आणि उठून खिडकी लावून घ्यायचो. एकदाही त्यांनी विचारलं नाही की खिडकी का लावलीस.

मिस्त्री उठले. दोन पायांतलं अंतर कोळशाने आखलं, माझ्या मुठी एका बांबूवर मोजल्या. निघताना एवढंच, "आप्पांची कुऱ्हाड मीच बशिवलती. हात त्येंचाच हाय."

शनिवार, २५

ड्रायव्हर तयार. क्लबने टाकून दिलेल्या एका काठीचं डोकं, आणि दांडा खानापूरच्या रानातल्या धामणीचा. ज्या लाकडाची कावड करतात तेच. दोन वर्षं चुलीवर आढ्याला टांगून वाळवलेलं. पोलादीपेक्षा चार बोटं आखूड, मुठीशी जाड. दिसायला ओबडधोबड. हातात घेतला आणि पहिल्यांदाच हातांना काही सांगावं लागलं नाही.

येळ्ळूरच्या वाटेवरच्या माळावर दोघं गेलो. पाय फाकवले, गुडघे मोडले, हंऽऽ. चेंडू सापडायला अर्धा तास लागला, कारण आम्ही जवळ शोधत होतो.

मिस्त्री: "आवाज दाबू नका. आवाज दाबला की खांदा आडतोय."

खरं लिहायचं तर सनद मिळाली तेव्हाही असं वाटलं नव्हतं. सरळ, लांब, आणि माझा.

सोमवार, २७

परसात सराव. शेजारच्या काकूंनी सौ.ला विचारलं, वकिलांच्या पोटात दुखतंय का. सौ. हसून हसून बेजार. निपाणीच्या तंबाखूच्या केसला पुढची तारीख पडली. बरं झालं, कागद वाचले कोणी होते!

शनिवार, २ डिसेंबर

पहिली फेरी. लिहायचंही जिवावर आलं आहे.

मेजर सहा फुटी, सभ्य. पहिल्या टोल्याच्या वेळी पायऱ्यांवर तीन-चार सभासद उभे. कोणी हलत नाही, बोलत नाही, श्वाससुद्धा विचारून घेतील असे. मेजरांनी आधी मारला. ताठ उभे, पाय जवळ, काठी मागे जाऊन वर गेली, खाली आली, एक टिच आवाज. बस्स.

मग मी. पाय फाकवायला गेलो आणि ते आपोआप जवळ आले. तोंड घट्ट मिटलं. निवडुंग. पुढे नऊ वेळा निवडुंग. दर वेळी मेजर म्हणाले, "दुर्दैव." त्यांनी एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

रविवार, ३

मिस्त्रींशी कडाक्याचं भांडण. म्हटलं, तुमचा दांडा फक्त माळावर चालतो, माणसांत चालत नाही. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"कसं हुबारलता?"

उभं राहून दाखवलं, काल उभा होतो तसा. त्यांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"ह्ये कोन?"

"मी."

"न्हाय. ह्येचं माप मी घेतलंच न्हाय."

म्हटलं, मग ह्याचं घ्या. पाय जवळ, गुडघे ताठ, तोंड बंद, ह्या माणसाला बसेल असा दांडा करा. तर म्हणतात, "त्येला तयार काठी हाय की. ती कुनाचंच माप घेऊन केलेली न्हाय." वर हसले! लई शहाणा माणूस. पोलादी काठीने निवडुंग आणि धामणीनेही निवडुंग, मग दोघांत फरक काय राहिला? बाहेर पडताना दार आपटलं. बाहेर आल्यावर वाटलं, वयाने केवढे मोठे आहेत. पण परत गेलो नाही.

शनिवार, ९

दुसरी फेरी. पहिले पाच टोले तसेच. सहाव्याला जमीन खोलगट, पुढे उंचवटा. मेजरांचा चेंडू झुडपात गेला, ते शोधायला पलीकडे उतरले. आसपास कोणी नाही. आणि माझ्या हातात धामण.

हंऽऽ.

उंचवट्यावरून झेंड्याच्या रोखाने गेला, दिसेनासा होईतो सरळ. मी तसाच उभा, हात खांद्यावर. एवढ्यात मेजर धावत परत आले, चेहरा पांढरा. "लागलं का? काय झालं?"

काय सांगायचं? म्हटलं, घशात चिलट गेलं.

त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मग उंचवट्यावर चढून, खाली झेंड्याजवळ चेंडू बघून म्हणाले, "हा तुमचा? नशीबवान आहात!" मी मान हलवली. साऱ्या फेरीत एकच टोला माझा, तोही नशिबाच्या नावावर घातला. आणि आप्पांना चिलट म्हटलं.

नंतर शेवटपर्यंत तोंड मिटून. निवडुंग किती वेळा, मोजलं नाही.

गुरुवार, १४

सकाळी मेजरांचा ऑर्डर्ली आला. एक चिठ्ठी आणि कापडात गुंडाळलेला ड्रायव्हर. त्यांचा स्वतःचा, पोलादी. चिठ्ठीत, 'ती देशी काठी तुम्हाला दगा देते आहे हे मी दोन्ही फेऱ्यांत पाहिलं. शनिवारी सगळे सभासद हजर असतील. पहिला टोला ह्याने मारा. माझं मत तुमच्या बाजूने आहे, बाकीच्यांनाही सांगितलं आहे.'

भला माणूस. वाईट असता तर किती बरं झालं असतं! आता ह्याचा ड्रायव्हर नाकारायचा कसा? त्यांच्या मापाचा, सहा फुटी माणसाचा. उभा धरला तर माझ्या छातीपर्यंत येतो. ह्याने मारलं तर निवडुंग ठरलेलं, पण उभा मात्र नीट दिसेन, आणि मत बहुधा मिळेल. मेजरांनी सगळं जमवून आणलं आहे. मला फक्त नीट चुकायचं आहे.

धामणीने मारलं तर लागेल. पण साऱ्या क्लबसमोर पाय फाकवून, गुडघे मोडून, लाकूडतोड्यासारखा ओरडून. आणि मेजरांना कळेल की चिलट नव्हतं.

सौ.ला चिठ्ठी वाचून दाखवली. ती ड्रायव्हरवरची धूळ पदराने पुसत म्हणाली, "किती गोड लिव्हलंय की." डोकं फुटायची पाळी.

शनिवार, १६, सकाळ

तिसरी फेरी आज. झोप धड नाही. दोन्ही ड्रायव्हर टेबलावर. निश्चय तीनदा केला, तीनदा वेगळा.

सौ. चहा ठेवून समोर बसली.

"तुम्हास्नी आत जायचं हाय, का चेंडू लांब मारायचा हाय? एकदा ठरवा तरी."

म्हटलं, दोन्ही.

"बरं. मग आज तोंड मिटून आत गेलासा, तर फुडल्या शनिवारी ओरडशिला?"

हा विचार मी केलाच नव्हता. मला वाटत होतं एक दिवस निभावला की झालं. पण आत गेलो की दर शनिवारी तेच मेजर, त्याच पायऱ्या, तेच सभासद, आणि मी पाय जवळ घेऊन निवडुंगात मारतोय, केस पिकेपर्यंत. वकिली करतो, समोरच्याचं बोलणं दोन प्रश्नांत मोडतो, आणि घरात हिने मला तेवढ्याच प्रश्नांत मोडलं. चिडून म्हटलं, तुला खेळातलं काय कळतंय! ती उठली नाही. चहा निवला.

टांगा दारात आहे. दोन्ही काठ्या थैलीत घातल्या. पहिल्या टोल्याला हात थैलीत घालावा लागेल, तेव्हा मेजर शेजारी उभे असतील.

जोडे घालताना घसा खाकरला. सौ.ने आतून विचारलं, "काय म्हणालासा?"

म्हटलं, अजून काही नाही.