लाल दोऱ्याचं भांडं

प्रिय ठमे,

तुझा फोन आला की मी 'बरा आहे, जेवलो' एवढंच बोलतो आणि फोन ठेवून देतो. फोनवर बोलायचं खातं तुझ्या आईकडे होतं. मी शेजारी बसून मान हलवायचो. म्हणून लिहितोय.

आई गेल्यावर तुझी आत्या राहिली होती. जाताना बिचारीने स्वयंपाकघर घासून लख्ख केलं, आणि मिक्सरच्या भांड्याच्या कानाला बांधलेला लाल दोरा कळकट दिसला म्हणून कापून टाकला. आईने तो तुझ्या गुंडोबासाठी बांधला होता, त्याला शेंगदाणा सोसत नाही म्हणून. दोन्ही भांडी अगदी सारखी, पण दोऱ्याच्या भांड्यात शेंगदाणा कधी जायचा नाही. आत्या गेल्यावर मी दोन्ही भांडी ओट्यावर मांडून हुंगत बसलो. दोन्हींना साबणाचाच वास. कुठलं गुंडोबाचं, ते सांगणारं आता कोणी नाही.

खरं तर दोन भांडी लागलीच नसती. मी सकाळी पावाला पीनट बटर लावणं सोडलं असतं तर एकावर भागलं असतं. त्या दिवशी तसाच हात न धुता मी गुंडोबाला उचललं, त्याचा पापा घेतला, आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले. दवाखान्याच्या बाकावर तू रडत होतीस आणि मी म्हणालो, 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.' त्यानंतर तू त्याला या घरात आणलं नाहीस. बरोबर केलंस. मी मात्र हट्टाने बाटली टेबलावरच ठेवली. आई बसने तुझ्याकडे जायची, पिशवीत कधी बदामाचं बटर, कधी तिळाचं, कधी भोपळ्याच्या बियांचं. परत आली की मला त्याच्या गमती सांगायची. नातू तिच्याच तोंडून मोठा झाला माझ्यासाठी. तिला त्याला एकदा तरी इथे, तिच्या खोलीत झोपवायचं होतं. ते राहूनच गेलं.

परवा सूर्यफुलाच्या बिया आणल्या. आता पाकिटावरची बारीक अक्षरंही चष्मा लावून वाचतो. मंद आचेवर भाजल्या, त्या जुन्याच एका भांड्यात घातल्या. आधी नुसती पूड झाली, मग ती कडेला चिकटून बसली, पातं रिकामंच फिरायला लागलं. मी पाणी ओतणार होतो. तेवढ्यात आईचं ओरडणं आठवलं, 'अहो, पाणी नको! थांबा जरा, तेल सुटेल.' कडा खरवडल्या, मिक्सरला विसावा दिला, पुन्हा फिरवलं. बऱ्याच वेळाने ते एकदम मऊ होऊन वाहायला लागलं. चिमूटभर मीठ घातलं आणि पावाला लावून खाल्लं.

आवडलं गं. आई किती वर्षं म्हणत होती, एकदा चाखून तर बघा. मी म्हणायचो, पाखरांचं खाणं मला नको. वाईट लागलं असतं तर बरं झालं असतं. ज्यासाठी तिला तिष्ठत ठेवलं ते सोडायला मला एक सकाळ पुरली.

हे सूर्यफुलाचं बटर तुला पाठवत नाही, भांडं कुठलं होतं कोण जाणे; तू येण्याआधी मीच संपवतोय. दोन्ही जुनी भांडी देऊन टाकली. टेबल, कपाट, फ्रिजचे कप्पे गरम पाण्याने पुसून काढले. शेंगदाणा घरात उरलेला नाही. पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तसं मी वागलेलो नाही. म्हणून नवा मिक्सर आणला आहे, तो खोक्यात चिकटपट्टीसकट तसाच आहे. मी हात लावलेला नाही. तू ये, सगळं घर आधी स्वतः तपास, खोकं तुझ्या हाताने उघड. मन मानलं तरच गुंडोबाला आण. आईच्या पलंगावर धुतलेली चादर घालून ठेवली आहे. नाही मानलं, तर मी फाटकापाशी उभा राहून त्याला बघेन, तेवढं बघू दे.

तुझाच,
हात धुऊन वाट बघणारा,
बाबा